ठाणे–नवी मुंबईतल्या छोट्या उद्योजकांनी सरकारी आणि कंपन्यांची कामं मिळवायची कशी

वागळे इस्टेटच्या गाळ्यात पावडर कोटिंग करणारे, तुर्भे–पावण्यात पॅकिंगचे खोके बनवणारे, घणसोलीत पाच-सहा माणसं हाताशी घेऊन एसीची देखभाल करणारे, कळव्यात शिलाई मशीन लावून गणवेश शिवणाऱ्या बायका. या सगळ्यांच्या मनात एक शंका असते: सरकारी किंवा मोठ्या कंपनीचं काम आपल्यासारख्याला खरंच मिळतं का, की ते आधीच कुणाच्या तरी नावावर ठरलेलं असतं?

मिळतं. काही ठिकाणी ठरवाठरवी असते हे खरं, आणि अशा टेंडरच्या मागे दिवस घालवू नयेत हेही शिकावं लागतं. पण नवखे उद्योजक बाहेर पडतात त्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. कागद अपुरा राहिला, जिथे सवलत लागूच नव्हती तिथे ती गृहीत धरली, किंवा काम मिळालं आणि चालवायला पैसा उरला नाही. या तिन्ही गोष्टी आधी तयारी केली तर टाळता येतात. म्हणून हा लेख.

आधी खरेदीदार ओळखा, कागद नंतर

बहुतेक जण उलटं करतात. आधी एजंटला पैसे देऊन सात-आठ नोंदण्या करून घेतात आणि मग "आता टेंडर कुठे आहे?" असं विचारत फिरतात. माझा आग्रह आहे की सुरुवात खरेदीदारापासून करा, कारण नियम आणि सवलती खरेदीदारानुसार बदलतात.

सीबीडी बेलापूरचंच उदाहरण घ्या. एकाच नोडमध्ये कोकण भवन आहे, ते राज्य शासनाचं. सिडको भवन आहे. सिडको ही राज्य शासनाच्या मालकीची कंपनी. नवी मुंबई महापालिकेचं मुख्यालय आहे, ती स्थानिक स्वराज्य संस्था. कोकण रेल्वेचं मुख्यालय आहे आणि कापूस महामंडळाचं कपास भवन आहे, हे दोन्ही केंद्र सरकारचे उपक्रम. रिक्षाने फिरलात तर अर्ध्या दिवसात सगळ्यांच्या दारात जाऊन याल, पण एका दारात चालणारा सवलतीचा कागद दुसऱ्या दारात चालेलच असं नाही.

केंद्राच्या खात्यांना आणि सार्वजनिक उपक्रमांना सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा २०१२चा सार्वजनिक खरेदी धोरण आदेश लागू आहे. त्यानुसार त्यांनी वर्षभराच्या खरेदीतली किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची आहे. आधी हे प्रमाण २० टक्के होतं, २०१८मध्ये वाढवलं. या २५ टक्क्यांतले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आहेत. टेंडरचा फॉर्म मोफत, बयाणा रक्कम (टेंडर भरताना आधी ठेवायची अनामत) माफ. शिवाय ३५८ वस्तू अशा आहेत की त्या फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या; कागदी पाकिटं, झाडू, स्टीलची कपाटं अशा रोजच्या लागणाऱ्या वस्तूही त्या यादीत आहेत. तुमचा माल यादीत आहे का ते आजच बघा.

याच धोरणातली एक तरतूद नीट समजून घेतली तर फार उपयोगी पडते. समजा, टेंडरमध्ये सगळ्यात कमी दर एका मोठ्या कंपनीचा आला, नगाला १,००० रुपये. तुमचा दर १,१२० आहे. तुमचा दर त्या दराच्या १५ टक्क्यांच्या आत असल्याने खरेदीदार तुम्हाला विचारतो: १,०००ला द्याल का? तुम्ही हो म्हणालात तर एकूण मागणीचा २५ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा तुम्हाला मिळू शकतो. तुमच्यासारखे आणखी छोटे उद्योग त्या पट्ट्यात असतील तर तो हिस्सा सगळ्यांत वाटला जातो. म्हणून दर भरतानाच स्वतःशी ठरवा की असा निरोप आला तर किती खाली येणं परवडेल. आयत्या वेळी घाईत हो म्हणणारे नंतर प्रत्येक नगामागे घरचे पैसे घालतात.

आता मर्यादा. हे धोरण माल आणि सेवांसाठी आहे. बांधकामाच्या कंत्राटांना लागू नाही. दुसरं, याचा फायदा उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना मिळतो, दुसऱ्याचा माल घेऊन विकणाऱ्याला मिळत नाही. २०२१पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मिळते, पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. हातात उद्यम प्रमाणपत्र आहे म्हणून ट्रेडिंगच्या मालावर बयाणा माफ होईल असं समजून टेंडर भरलं की पहिल्याच छाननीत बाद.

राज्य शासनाची खाती १ डिसेंबर २०१६च्या शासन निर्णयातल्या खरेदी कार्यपद्धतीने चालतात. महापालिका, सिडको, एमआयडीसी यांच्या निविदांत बयाण्याची माफी आहे की नाही हे त्या-त्या निविदेच्या अटींत वाचायचं. तिथे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर बयाणा भरा, अंदाजावर सोडू नका. राज्यातल्या बांधकाम कामांमध्ये सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्था यांच्यासाठी कामवाटपाचा वेगळा मार्ग आहे. तुमच्याकडे सिव्हिलची पदवी किंवा पदविका असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागात त्याची चौकशी आधी करा. खुल्या स्पर्धेत उडी मारायची घाई नको.

कागद: थोडे, पण पक्के

उद्यम नोंदणी सगळ्यात आधी. १ जुलै २०२०पासून ही पद्धत आहे, पूर्णपणे ऑनलाइन आणि पूर्णपणे मोफत. आधार आणि पॅन लागतं. सरकारी संकेतस्थळासारख्या दिसणाऱ्या खासगी साइट्स पैसे मागतात. पत्ता तपासूनच पुढे जा. १ एप्रिल २०२५पासून मर्यादा वाढल्या आहेत: यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु.

फॉर्ममध्ये व्यवसायाचा कोड निवडताना घाई करू नका. तुम्ही कंट्रोल पॅनल स्वतः बनवत असाल आणि कोड मात्र घाऊक विक्रीचा टाकलात, तर कागदोपत्री तुम्ही व्यापारी. मग वरच्या सगळ्या सवलतींवर पाणी. कोड नंतर दुरुस्त करता येतो, पण बंद झालेल्या टेंडरला त्याचा उपयोग नाही.

आणि ही नोंदणी पहिलं काम घेण्याच्या आधी करा. थकलेल्या बिलांसाठी कायद्याचं जे संरक्षण आहे ते नंतर नोंदणी करून मागच्या पुरवठ्याला लावायला गेलात तर वाद होतो; सर्वोच्च न्यायालयापर्यंत अशी प्रकरणं गेली आहेत.

बाकीचे कागद थोडक्यात: जीएसटी नोंदणी, मागच्या तीन वर्षांची विवरणपत्रं आणि सीएने सही केलेलं उलाढालीचं प्रमाणपत्र, कामगार असतील तर पीएफ आणि ईएसआयचे कोड, महापालिका हद्दीतला दुकान-आस्थापना किंवा कारखान्याचा परवाना, रद्द केलेला चेक, आणि वर्ग ३ची डिजिटल सही. वर्ग २ची सही २०२१पासून बंद झाली आहे. डिजिटल सहीचा टोकन (पेन ड्राइव्हसारखं उपकरण) आणि त्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा. तो सायबर कॅफेवाल्याकडे किंवा एजंटकडे ठेवणारे खूप जण आहेत, आणि त्या सहीने तुमच्या नावावर काय भरलं जातं हे तुम्हाला कळतही नाही. ती तुमची कायदेशीर सही आहे.

सगळे कागद स्कॅन करून एका फोल्डरमध्ये, नावावरून ओळखता येतील असे ठेवा, आणि प्रत्येकाची मुदत कधी संपते ते एका कागदावर लिहून भिंतीला लावा.

महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांनी एक गोष्ट विशेष बघायची. एकल मालकी असेल तर मालक त्या गटातला हवा. भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर किमान ५१ टक्के वाटा त्या गटातल्या व्यक्तींकडे हवा. जातीचा दाखला आणि भागीदारीचा करार यांवरची नावं आधारशी अक्षरन् अक्षर जुळली पाहिजेत. लग्नानंतर नाव बदललेल्या किती तरी महिलांची नोंदणी इथेच अडते, त्यामुळे राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र तयार असू द्या.

आणि मनापासून सांगते, फक्त सवलतीसाठी बायकोचं किंवा वहिनीचं नाव लावू नका. तिला व्यवसायातलं काही माहीत नसेल, सही मात्र तिची असेल, तर पुढे बँकेची नोटीस तिच्या नावाने येते. तिला खरोखर भागीदार करा, हिशेब दाखवा, बैठकांना न्या. मग तो वाटा हक्काने मागा, संकोच करू नका. ३ टक्के आणि ४ टक्के हे आकडे कुणाच्या मेहेरबानीने आलेले नाहीत, आणि ते पूर्ण व्हायचे तर मागणारे पुढे यायला हवेत.

अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ऑक्टोबर २०१६मध्ये राष्ट्रीय एससी-एसटी हब सुरू झालं. राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ, म्हणजे एनएसआयसी, ते चालवतं. टेंडर भरण्याचं प्रशिक्षण आणि प्रदर्शनांत भाग घ्यायला मदत अशा गोष्टी तिथे मिळतात. २००५मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेली दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, हीसुद्धा खरेदीदार आणि उद्योजक यांची गाठ घालून देते.

टेंडर शोधायचं कुठे

केंद्राच्या खरेदीसाठी मुख्य जागा म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, सगळे त्याला जेम म्हणतात. २०१६मध्ये सुरू झालेलं हे पोर्टल आहे. लहान रकमेची खरेदी थेट होते, मधल्या रकमेची दरांची तुलना करून, आणि मोठी खरेदी बोलीने किंवा रिव्हर्स ऑक्शनने, म्हणजे एकमेकांपेक्षा दर खाली आणत जाणाऱ्या ऑनलाइन लिलावाने. नवख्यासाठी लहान रकमेची खरेदी हाच दरवाजा. तुमच्या मालाची यादी, फोटो, माप आणि वितरणाचा परिसर नीट भरलात तर बेलापूरच्या एखाद्या कार्यालयाला चार खुर्च्या किंवा दोन यूपीएस बॅटऱ्या हव्या असताना तुमचं नाव समोर येतं. १० लाखांपर्यंतच्या ऑर्डरवर जेम आता व्यवहार शुल्क घेत नाही. प्रोफाइलमध्ये उद्यम क्रमांक जोडायला विसरू नका, नाहीतर प्रणाली तुम्हाला छोटा उद्योग म्हणून ओळखतच नाही. महिला उद्योजक आणि बचत गटांसाठी जेमवर ‘वुमनिया’ नावाचा स्वतंत्र विभाग आहे.

राज्य शासनाच्या निविदा महाटेंडर्स पोर्टलवर, रेल्वेच्या आयआरईपीएसवर, केंद्राच्या इतर निविदा केंद्रीय सार्वजनिक खरेदी पोर्टलवर. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या संकेतस्थळांवर निविदा सूचनांचं पान आहे. ते आठवड्यातून दोनदा उघडायची सवय लावा. कुठल्या पोर्टलवर भरायची ते सूचनेतच असतं. उरण बाजूला न्हावा शेवा इथलं जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण, अंबरनाथचा आयुधनिर्माणी परिसर, उरणचा ओएनजीसीचा प्रकल्प हेही आपल्या टप्प्यातले केंद्राचे खरेदीदार आहेत. लांबून येणाऱ्या पुरवठादारापेक्षा तुम्ही सेवा लवकर देऊ शकता, हे तुमचं बळ.

आता एक काम सांगते, ते नवीन माणसं क्वचितच करतात. पहिले दोन महिने टेंडर भरू नका, निकाल वाचा. आपल्या मालाचं टेंडर कुणाला लागलं, किती दराला लागलं, किती जणांनी भरलं होतं, कोण कशामुळे बाद झालं, हे पोर्टलवर बघायला मिळतं. एक वही करा. पंधरा-वीस निकाल लिहिले की बाजाराचा खरा दर दिसू लागतो. तीच तीन नावं दरवेळी, तेही एकमेकांना चिकटलेल्या दरांनी, असं दिसलं तर त्या खात्याचा नाद सोडा. जिथे दरवेळी नवी नावं येतात तिथे तुमची जागा आहे.

निविदा वाचणं हेच अर्धं काम

दोन लिफाफा पद्धत असते. आधी तांत्रिक लिफाफा उघडतात. त्यात पास झालात तरच दराचा लिफाफा उघडतो. त्यामुळे सगळ्यात कमी दर भरूनही तो कुणी बघितलाच नाही, असं होऊ शकतं. एक कागद राहिला की संपलं.

वाचायला बसताना आधी पात्रतेचं पान काढा. मोठ्या कामांत ‘समान स्वरूपाच्या कामाचा अनुभव’ मागतात आणि त्याचं प्रमाण बहुधा असं असतं: मागच्या सात वर्षांत अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन कामं, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक. सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित रकमेच्या ३० टक्के. केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२च्या परिपत्रकापासून हा साचा चालत आला आहे. आता हिशेब करा. तुम्ही आजवरचं मोठ्यात मोठं एकच काम ४ लाखांचं केलं असेल, तर ८० टक्क्यांच्या नियमाने तुम्ही ५ लाखांच्या टेंडरला पात्र ठरता. म्हणून पहिलं काम लहान घ्या, पण पूर्णत्वाचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय तिथून हलू नका. त्या प्रमाणपत्रावर कामाचं स्वरूप, रक्कम, सुरू झाल्याची आणि पूर्ण झाल्याची तारीख हवीच. ‘समाधानकारक काम केले’ एवढंच लिहिलेलं पत्र पुढच्या टेंडरला कमी पडतं.

केंद्राच्या निविदांत छोट्या उद्योगांना आणि मान्यताप्राप्त स्टार्टअपना अनुभव व उलाढालीच्या अटीत सूट देता येते, गुणवत्ता राखण्याच्या अटीवर. जेमच्या बोलीच्या कागदात त्यासाठी एक ओळच असते: छोट्या उद्योगांना अनुभव आणि उलाढालीत सूट, होय किंवा नाही. सगळ्यात आधी ती ओळ बघा. ‘नाही’ असेल आणि तुमचा अनुभव नसेल, तर पुढचं वाचण्यात रात्र घालवू नका.

मग शेवटच्या पानांवरच्या विशेष अटी. दंडाचा दर, माल कुठे उतरवायचा, हमीचा कालावधी, पैसे किती टप्प्यांत, हे तिथे दडलेलं असतं. काही अटी एखाद्याच ब्रँडला बसतील अशा घातलेल्या दिसतात. अशा वेळी गप्प बसू नका. निविदापूर्व बैठक असते, त्याआधी लेखी प्रश्न पाठवता येतो. दोन-तीन जणांनी विचारलं की शुद्धिपत्रक निघतं आणि अट सैल होते, हे होताना मी बघितलं आहे. शुद्धिपत्रकांवर शेवटच्या दिवसापर्यंत लक्ष ठेवा. जुन्या दरपत्रकाच्या फाइलमध्ये दर भरून नवी फाइल तशीच सोडली की बोली रद्द.

भरायचं काम शेवटच्या तासावर नेऊ नका. पोर्टल त्या वेळी संथ होतं, आणि टोकन चालला नाही ही सबब कुणी ऐकून घेत नाही.

बाद केलं तर कारण वाचा. जेमवर आक्षेप नोंदवायला मुदत मिळते, पण ती फार थोडी असते, त्यामुळे रोज लॉगिन करून बघा. कारण चुकीचं वाटलं तर सभ्य भाषेत, कागदाच्या पान क्रमांकासकट लिहा.

दर भरण्याआधी पैशाचा हिशेब

इथे जरा थांबते, कारण चांगली कारागीर माणसं इथेच बुडतात.

समजा, बेलापूरच्या एका केंद्रीय उपक्रमाचं यूपीएस देखभालीचं काम तुम्हाला लागलं. रक्कम ५ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी ९०,००० रुपये. बिल ५,९०,०००चं. आधी सुरक्षा अनामत म्हणून समजा ५ टक्के, म्हणजे २५,००० रुपये अडकले. बयाणा माफ असला तरी ही अनामत छोट्या उद्योगांनाही द्यावी लागते. बिल पास होताना जीएसटीचा टीडीएस २ टक्के, १०,००० कापले. करार अडीच लाखांच्या वर असला की सरकारी खरेदीदार हे कापतोच. प्राप्तिकराचा टीडीएस एकल मालकाला १ टक्का, ५,०००. हातात आले ५,७५,०००. कापलेले पैसे तुमचेच आहेत, पण ते जमा दिसायला आणि वळते व्हायला वेळ जातो.

आता खरा ताण. बिल तुम्ही जूनमध्ये काढलं तर त्यावरचा जीएसटी जुलैत भरायचा, खरेदीदाराने पैसे दिले असोत वा नसोत. खरेदीवरचा जीएसटी वळता करूनही बरीच रक्कम खिशातून जाते. त्या काळात दोन टेक्निशियनचा पगार, पीएफ, बॅटऱ्यांचं बिल चालूच. म्हणून दर ठरवताना मजुरी आणि मालाच्या जोडीला तीन महिन्यांच्या पैशाचं व्याज धरा. ते धरून तुमचा दर वर जात असेल तर ते काम आज तुमचं नाही. सोडा, पुढचं बघा.

काही सेवांना, विशेषतः महापालिकांना दिलेल्या निव्वळ सेवांना, जीएसटी माफ असतो. दर भरण्याआधी तुमच्या सीएला त्या कामाचं स्वरूप सांगून लेखी उत्तर घ्या.

साफसफाई, सुरक्षा, माळीकाम अशा मनुष्यबळाच्या कामांत किमान वेतन, पीएफ, ईएसआय, बोनस यांची बेरीज ही जमीन आहे. त्याखाली दर भरणारा एक तर कामगाराचे पैसे मारतो किंवा तीन महिन्यांत पळतो. तुम्ही तसं करू नका. कामगाराच्या पगारातून नफा काढायची वेळ येत असेल तर ते काम घेण्यासारखं नाही.

बांधकामाच्या निविदांत अंदाजपत्रकापेक्षा फार खाली दर भरला की जादा अनामत मागतात. आणि टेंडर लागल्यावर मागे हटलात तर अनामत जप्त होते किंवा नाव काळ्या यादीत जातं. रिव्हर्स ऑक्शनला बसण्याआधी खालचा आकडा कागदावर लिहा, घरातल्या किंवा भागीदाराच्या हातात द्या, आणि त्याच्या खाली बटण दाबायचं नाही असं ठरवा.

कंपन्यांचं दार

एमआयडीसीचा ठाणे–बेलापूर पट्टा दिघ्यापासून रबाळे, महापे, पावणे, तुर्भे करत शिरवणे–नेरूळपर्यंत जातो, पलीकडे तळोजा. ऐरोली आणि कोपरखैरण्याचे आयटी परिसर, आणि आता ऑक्टोबर २०२५मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ. कामं खूप आहेत, पण ती जाहीर निविदेत दिसत नाहीत. खरेदी विभागाच्या यादीत नाव असेल तरच चौकशी येते. त्या यादीत जाणं म्हणजे व्हेंडर नोंदणी.

मोठ्या परिसरांत कंपनी स्वतः क्वचितच छोट्या पुरवठादाराशी करार करते. इमारतीची देखभाल एखाद्या फॅसिलिटी मॅनेजमेंट कंपनीकडे असते आणि पेस्ट कंट्रोल, काच सफाई, एसीचे सुटे भाग, छपाई अशी कामं ती पुढे देते. तुम्हाला त्यांच्याकडे जायचं आहे. पेटी कंत्राट (दुसऱ्या कंत्राटदाराकडून मिळालेलं काम) म्हणून कमीपणा मानू नका. मात्र ऑर्डर लेखी घ्या आणि त्यावर मूळ परिसराचं नाव लिहून घ्या, म्हणजे पुढे अनुभव म्हणून दाखवता येतो.

जाताना एका पानाचं ओळखपत्रक न्या: काय बनवता, महिन्याला किती बनवू शकता, कुठली यंत्रं आहेत, कुणाला दिलं आहे, उद्यम आणि जीएसटी क्रमांक. ‘आम्ही सगळं करतो’ असं लिहू नका. खरेदी अधिकाऱ्याला एका गोष्टीत भरवशाचा माणूस हवा असतो. जीएसटीची विवरणपत्रं वेळेवर जात नसतील तर खरेदीदाराला कराची वजावट मिळत नाही, म्हणून कंपन्या आधी तुमचा जीएसटीचा इतिहासच तपासतात.

महिलांची किंवा वंचित गटांची मालकी असेल तर ते पहिल्याच पानावर ठळक लिहा. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमाने दरवर्षी जबाबदार व्यवसायाचा अहवाल द्यावा लागतो. त्यात छोट्या उद्योगांकडून थेट किती माल घेतला हे विचारलेलं असतं, आणि वंचित गटांतल्या पुरवठादारांना प्राधान्य देण्याचं धोरण आहे का हाही प्रश्न असतो. तुम्ही त्यांच्या अहवालातला एक रकाना भरून देता, हे त्यांना कळू द्या. बहुराष्ट्रीय कंपन्यांकडे जायचं असेल तर वीकनेक्ट इंटरनॅशनल ही संस्था महिलांच्या किमान ५१ टक्के मालकीच्या आणि त्यांनीच चालवलेल्या उद्योगांना प्रमाणपत्र देते. पण त्याचं शुल्क भरण्याआधी, तुम्हाला हव्या असलेल्या कंपनीला ते प्रमाणपत्र लागतं का, हे तिच्या खरेदी विभागाला विचारा.

ओळखी हव्यातच, आणि त्यांचा सरळ रस्ता म्हणजे उद्योजक संघटना. वागळे इस्टेटमध्ये ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, टीटीसी, म्हणजे एमआयडीसीच्या ठाणे–बेलापूर पट्ट्यात, ठाणे बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन. खरेदीदारांच्या बैठका, प्रशिक्षणं होतात, तिथे जाऊन बसा. जिल्हा उद्योग केंद्रातही एकदा जाऊन या.

पैसे वसूल करणं

पुरवठा झाला त्याच दिवशी चलानावर सही-शिक्का घ्या. कंपनीत माल उतरला तर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीचा क्रमांक मागा; जेमवर माल स्वीकारल्याचं प्रमाणपत्र निघालं का ते बघा. बिलावर उद्यम क्रमांक छापा. ज्या दिवशी माल स्वीकारला तिथून कायद्याचं घड्याळ सुरू होतं: सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार लेखी करार नसेल तर १५ दिवस, आणि करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्या-महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज. ऑर्डरवर ९० दिवस छापलेलं असलं तरी कायद्याचे ४५ दिवसच धरले जातात.

कंपन्यांना दुसरा धाकही आहे. २०२३च्या वित्त कायद्याने घातलेल्या तरतुदीनुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल या मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्यांना करासाठी वजा करता येत नाही. त्यामुळे फेब्रुवारीत हिशेब विभागाला उद्यम प्रमाणपत्राची प्रत आणि थकबाकीचा तक्ता नम्रपणे पाठवा. मार्चअखेर बरीच बिलं सुटतात. ट्रेडिंगवाल्यांना मात्र हे लागू नाही.

वाट बघणं शक्य नसेल तर ट्रेड्स ही बिलांवर आधी पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था आहे. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज आणि इन्व्हॉइसमार्ट यांसारख्या मंचांवर तुमचं स्वीकारलेलं बिल बँका सवलतीच्या दराने घेतात आणि पैसे लवकर तुमच्या खात्यात येतात. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना आणि केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांना तिथे नोंदणी बंधनकारक आहे. ऑर्डर घेतानाच विचारा: तुम्ही ट्रेड्सवर बिल स्वीकारता का?

इतकं करूनही पैसे आले नाहीत तर सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. परिषद आधी समेट घडवायचा प्रयत्न करते, नाही जमला तर लवादाने निकाल देते. निकालाविरुद्ध न्यायालयात जायचं तर खरेदीदाराला निकालाच्या रकमेपैकी ७५ टक्के आधी भरावे लागतात, म्हणून बऱ्याच जागी नुसती नोटीस पोहोचली तरी बोलणी सुरू होतात. बांधकामाच्या कंत्राटांना हा मार्ग लागू होतो का यावर न्यायालयांत वेगवेगळे निकाल आहेत. तुमचं काम तसं असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्या. संबंध बिघडतील या भीतीने वर्षभर थांबू नका. आधी एक साधं स्मरणपत्र, मग व्याजाचा आकडा लिहिलेलं दुसरं, मग अर्ज. अर्जासोबत पर्चेस ऑर्डर, सही-शिक्क्याचं चलान किंवा जीआरएन, बिल, दोन्ही स्मरणपत्रं आणि तारीखवार थकबाकीचा तक्ता जोडा. मूळ कागद स्वतःच्या फाइलमध्येच ठेवा.